ट्रंकेतले फ्रॉक

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस, म्हणून कागद घेऊन बसले. तू पाठवलेला कुर्त्यांच्या धंद्याचा हिशेब बाबांनी वाचून दाखवला. दहा डिझाइन, पाच साइज, प्रत्येकी सहा कुर्ते, म्हणजे 300 नग. ते ऐकताना माझी नजर खाटेखालच्या ट्रंकेवर गेली.

1998 च्या दिवाळीला पिको-फॉलच्या पैशातून मी फ्रॉक शिवले होते. 16 नंबरपासून 30 पर्यंत, सगळ्या साइज सारख्याच. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारानं विकला तर पैसे, या बोलीवर माल ठेवून घेतला. 20, 22, 24 तर नवरात्रातच उडाले. पुढं गिऱ्हाईक तेच मागत राहिलं आणि दुकानात उरले 16 आणि 30. भाऊबीज झाली नि पोतं घरी परत. तू तिसरी-चौथीत गेल्यावर ते 30 नंबरचे एकामागून एक वापरलेस. सगळे एकाच छापाचे म्हणून रडायचीस, मला काय आवडत होतं होय गं? त्यातले 19 अजून ट्रंकेत आहेत.

आता तुझेच आकडे घे. कापड, शिलाई, काज-बटण, लेबल, इस्त्री, पिशवी धरून कुर्ता 325 ला पडतो आणि दुकानदाराला तू तो 420 ला देणार. समज, शंभर कुर्त्यांचे 32,500 घातलेस. ते नुसते परत यायला 78 कुर्ते विकावे लागतात. म्हणजे तुझा सगळा नफा शेवटच्या 22 मध्ये, आणि नेमके तेच उरतात. तुझ्या कागदावर 300 च्या 300 विकलेले आहेत.

म्हणून दोनच डिझाइन कर. एम, एल, एक्सेल, डबल एक्सेल असे एक-दोन-दोन-एक या मापानं काप. एखादी साइज संपली तर आठवड्यात परत शिवून देता येते, पण त्यासाठी तेच कापड परत मिळायला हवं. गांधीनगरच्या कापडबाजारात स्वस्त लॉट दिसला की हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पण पुढच्या महिन्यात तोच रंग मिळेलच असं नाही. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर आहे. तिथं जा, दोन-तीन ठिकाणी विचार, आणि हा माल कायम मिळतो का, हे भावाच्या आधी विचार.

कापडाचा ताका आणला की लगेच कात्री लावू नको. आधी एक तुकडा घे, त्यावर उभा-आडवा 50 सेंटीमीटरचा चौकोन आख. धू, वाळव, इस्त्री कर, मग टेप लाव. 50 चे 48 भरले तर तुझा 46 इंची कुर्ता पहिल्या धुण्यातच 44 वर येणार. तेवढं वाढवूनच पॅटर्न काढ. आणि कापड वाचवायला कटिंगवाला पॅटर्न तिरका ठेवायला लागला तर त्याचा हात धर. उभा धागा सुटला की धुतल्यावर बगलेची शिवण फिरून पोटावर येते. गिऱ्हाईक भांडत नाही गं, ते परत येत नाही.

जीएसटीचं आपल्या टॅक्सवाल्या काकांना विचारलं. माल राज्यातच विकायचा असेल तर वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे म्हणाले. पण राज्याबाहेर माल पाठवायच्या आधी त्यांना भेट.

शाहूपुरीतला तळमजल्याचा गाळा बाबांना पसंत नाही. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. माझं म्हणणं, गाळाच नको. पुढची खोली रिकामी आहे. शेजारच्या दोघी नगावर शिवायला तयार आहेत, फक्त दर शनिवारी पैसे हातात पडायला हवेत. तुझे दुकानदार दोन-दोन महिने थांबवतील, तेव्हा शिलाईचे पैसे वेगळे काढून ठेव. मी नगावर परकर शिवायचे तेव्हा "पुढच्या आठवड्यात" हे फार ऐकलंय, ते आपल्या दारात कुणाला ऐकवायचं नाही.

नोकरी सोडायचा अर्ज अजून दिला नसशील तर थोडी थांब. रविवारी येताना त्या कापडाचा मीटरभर तुकडा घेऊन ये. बादली भरून ठेवते.

तुझी,
आई