‘टॅपेस्ट्री’चा साधेपणा जाणीवपूर्वक

रविवारच्या पुरवणीतील सॉफ्ट रॉकवरील लेखात अमेरिकी गायिका-गीतकार कॅरोल किंग यांच्या १९७१ सालच्या ‘टॅपेस्ट्री’ला घाईत उरकलेला अल्बम ठरवले आहे, ते पटले नाही. निर्माते लू ॲडलर यांना किंग यांच्या डेमो (म्हणजे कच्च्या, नमुन्यादाखल केलेल्या) ध्वनिमुद्रणांतला जिवंतपणाच हवा होता. म्हणून पियानो आणि आवाज पुढे, बाकी वाद्ये बेताची. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ मुद्दाम ऐकावे. १९६० साली शिरेल्स या गायिकांच्या गटाने ते व्हायोलिनांच्या साथीने, ठेक्यात गायले होते. ‘टॅपेस्ट्री’त त्याची लय बरीच उतरवली आहे. गायक जेम्स टेलर आणि गायिका जोनी मिचेल मागून हलकेच सूर देतात. अशा मोकळ्या मांडणीत गायिकेचा स्वर किंचित ढळला तरी लगेच कानाला खटकतो, कारण तो झाकायला वाद्यवृंद नसतो.