सातपुड्यात दव गोठलं म्हणून जळगावात विंटर टायर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गाड्यांच्या हिवाळ्यातल्या निगेवर अर्धं पान आलं होतं. वर बर्फात रुतलेली लाल परदेशी गाडी आणि खाली सहा सूचना. दुसरी सूचना अशी, की थंडी सुरू होताच विंटर टायर बसवून घ्यावेत, जास्त ताकदीच्या गाड्यांना तर आवर्जून. तिसरी अशी, की हिवाळ्यात टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी. त्याच अंकात पहिल्या पानावर सातपुड्यातल्या डाब गावी दव गोठल्याचा फोटो होता. म्हणजे वाचणाऱ्याला शंकाच नको.

मी जळगावात एकतीस वर्षं टायरचं दुकान चालवतो. सोमवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं नाही तोच एक मुलगा ते कात्रण घेऊन दारात उभा. याचे वडील रावेर तालुक्यातले केळीचे व्यापारी, त्यांच्या दिल्लीला जाणाऱ्या ट्रकना वीस वर्षांपासून माझ्याकडचेच टायर लागतात. (वडील रिमोल्डच्या, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या, टायरमागे शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, तो भाग निराळा.) मुलाकडे पावणेचारशे घोड्यांची जर्मन सेडान आहे. शंभरचा काटा साडेचार सेकंदांत गाठते म्हणतात. टायर २५५/३५, रिंग एकोणीस इंची. म्हणजे रिंग आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं रबर.

"नाना, चारही बदलायचे. नाताळात मनालीला चाललो. पैशाचं बोलू नका."

पैशाचं मी बोललो नाही. त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि भाच्याची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो, कारण सूचना दोन चुकीची आहे असं नुसतं लिहून भागणार नाही. जिथं ती बरोबर आहे तिथं ती अगदी बरोबर आहे.

माझा भाचा म्युनिकजवळ नोकरी करतो. मागच्या चाकांवर ओढणारी, जुनी पण दणकट ताकदीची गाडी त्याने हौसेनं घेतली. पहिल्याच नोव्हेंबरात सकाळी त्याचा फोन आला, "मामा, मनी गाडी नाचस!" बर्फ नव्हता, नुसता ओला रस्ता आणि तीन अंश. गोल चौकातून बाहेर पडताना त्याने पाय जरा जास्त दाबला आणि मागचा भाग सरळ बाजूला आला. मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, आपल्याकडचे सगळे टेम्पो मागच्याच चाकांवर चालतात, तू हवा दोन पॉइंट (पीएसआय) कमी कर, धरेल. त्याने केली. गाडी आणखी लोळायला लागली. म्हणून आपली तिसरी सूचना वाचली तेव्हा मला माझाच सल्ला छापून आल्यासारखं वाटलं.

पुढं त्याच्या मुलीच्या बारशाला फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो, तेव्हा मी पाहुणा कमी आणि टायरवाला जास्त होतो. त्याच्या इमारतीखाली तळघर आहे, गारठलेलं. भिंतीशी उन्हाळ्याचे चार टायर एकावर एक रचलेले आणि शेजारी गाडी हिवाळ्याच्या टायरांवर उभी. मी दोन्हींवर अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. उन्हाळी टायरवर नख घसरलं, जणू जुन्या चपलेचा तळ. हिवाळीवर नख रुतलं आणि काढल्यावर खूण सावकाश भरून आली. खाली वाकून बॅटरी मारली, तर नक्षीच्या प्रत्येक बटणावर, म्हणजे रबराच्या ठोकळ्यावर, सुरीनं मारावेत तसे बारीक नागमोडी चिरे. एका बोटाच्या रुंदीत मी पाच मोजले. बायको वरून हाका मारत होती, बारशाचा मुहूर्त चालला होता.

हे का होतं ते जळगावकराला समजावायला खोबरेल तेल पुरे. डिसेंबरात सकाळी बाटली थिजते, उन्हात ठेवावी लागते. शेजारची तिळाच्या तेलाची बाटली तशीच पातळ. दोन्ही तेलंच. वेगवान गाडीचा उन्हाळी टायर म्हणजे खोबरेल: गरम असला की रस्त्याला चिकटतो, गार झाला की लाकूड. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचं माप असं धरतात, की शून्याखालीही ते लवचिक राहतं. सात अंशांच्या खाली हिवाळी टायर असा ठोकताळा तिकडे सगळे सांगतात. सात म्हणजे काही दिव्याचं बटण नव्हे, पण हिशोबाला बरं पडतं. आणि ते चिरे बर्फात दाबले की उघडतात, त्यात बर्फ भरतो आणि खालच्या बर्फाला तो भरलेला बर्फच धरतो. लहानपणी बर्फाचा गोळा ज्यानं दाबला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

भाच्यानं मला सुट्टीच्या दिवशी एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं. चार बोटं बर्फ होता. तीसच्या वेगावर ब्रेक दाबला, एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं, गाडी थांबली. मग त्याच्या शेजाऱ्यानं त्याची चारही चाकांवर ओढणारी उंच गाडी आणली. टायर उन्हाळीच, "फोर बाय फोर आहे ना" म्हणून. निघाली मात्र झोकात, भाच्याच्या आधी. थांबायची वेळ आली तेव्हा नाक सरळ ठेवून, शांतपणे, आमच्यासमोरून सरकत पुढच्या कुंपणाच्या झुडपात गेली. आत बसलेला माणूस स्टिअरिंग फिरवत होता आणि गाडीला त्याची खबरच नव्हती. ओढायला चार चाकं कामाला येतात. थांबवायला ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, तिथं फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. एबीएस काय आणि घसरती गाडी सावरणारं ईएसपी काय, टायरनं रस्ता जेवढा धरलाय तेवढाच ते वाटून देतात, पदरचं काही घालत नाहीत.

म्हणून भाच्याच्या जागी बसून विचाराल तर ताकदीच्या गाडीला हिवाळी टायर घ्यावेत का, याला माझं उत्तर हो, आणि साध्या गाडीच्या आधी घ्यावेत. साठ घोड्यांची गाडी ओल्या गारठ्यात चाक फिरवून फिरवून किती फिरवेल? तीनशे घोडे एका हलक्या पायानं सुटतात.

यावर शौकिनांचं म्हणणं असतं की हिवाळी टायरनं गाडीची मजा जाते. जाते, खरं आहे. रबर मऊ, बटणं चिरलेली, त्यामुळे वळणावर गाडी किंचित डुलते, स्टिअरिंगचा निरोप उशिरा पोचतो. कोरड्या, उबदार रस्त्यावर ती थांबायलाही जास्त अंतर घेते. बारमाही टायर मिळतात, पण तडजोड ती तडजोडच, आणि वेगवान गाडीत ती जास्त जाणवते. भाच्यानं केलं ते मला पटलं. त्यानं हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिंगा घेतल्या, टायर थोडे अरुंद, बाजू उंच. खड्ड्यात रिंग वाचते, शिवाय लहान मापाचे टायर स्वस्त. सगळं मिळून दोन हजार युरोच्या आत बसलं. डोळे फिरवू नका. एक जोड चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही, म्हणजे टायरचा खर्च दुप्पट होत नाही. जास्तीचा खर्च रिंगांचा आणि बदलायच्या मजुरीचा. न वापरायचा जोड ठेवायला तिकडे टायरांचं हॉटेल असतं, भाडं घेतात. हे मी दुकानातल्या पोरांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

कायदाही तसाच. जर्मनीत तारीख ठरलेली नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा निसरडा थर असेल तर हिवाळी टायर हवेतच, नाहीतर साठ युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर दंडाचा एक गुण. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असेल तरच तो हिवाळी धरतात, नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. गाडीचा कमाल वेग टायरच्या क्षमतेहून जास्त असेल तर चालकासमोर चिठ्ठी लावावी लागते. भाच्याच्या गाडीत '२४०' अशी चिठ्ठी आहे. आपल्याकडे लावली तर लोक तिला परवानगी समजतील. आणि ज्यांना हे काहीच नको असतं ते नंबरप्लेटवरच महिने छापून घेतात, समजा ४ ते १०. हिवाळाभर गाडी घरात. कराचे आणि विम्याचे पैसेही तेवढ्याच महिन्यांचे.

जाता जाता एक. जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली निघाला तो मोटारीसाठी नव्हे, ट्रकसाठी. हे वाचल्यापासून माझ्या मनात फिनलंडबद्दल आदर आहे.

आता आपल्याकडे या. डाबला दव गोठतं हे खरं, रावेर-यावलकडे थंडीनं केळीला चरका बसतो हेही खरं. पण जळगावात पहाटे नऊ अंश असले तरी नऊ वाजता डांबर कोमट होतं आणि दुपारी अंगातला स्वेटर खांद्यावर येतो. गाडी पाच-दहा किलोमीटर चालली की टायर स्वतःच्याच वळवळीनं तापतो. असा मऊ टायर चुकून मे महिन्यापर्यंत गाडीवर राहिला तर? भुसावळला हवा पंचेचाळीस अंश असते तेव्हा दुपारचं डांबर साठाच्या वर जातं. त्यावर पावणेचारशे घोड्यांनी हिवाळी टायर रगडायचा म्हणजे खोडरबरानं पाटी पुसण्यासारखं आहे. नवे टायर दिवाळीला गोटा. आणि गोटा व्हायच्या आधी धोका: मऊ बटणं लवतात, गरम होतात, ऐन वेळी गाडी थांबायला उशीर करते. शिवाय हे टायर आपल्याकडे दुकानात सहसा मिळत नाहीत. आपल्याच अपोलोनं २००९ साली हिवाळी टायरांसाठी नावाजलेली हॉलंडची व्रेडेस्टाईन कंपनी घेतली, पण तिचे हिवाळी टायर विकले जातात ते मुख्यतः तिकडे.

मग खानदेशातल्या हिवाळ्यात टायरचं करायचं काय? हवा कमी करू नका, वाढवून घ्या. पाच-सहा अंश पारा उतरला की हवा साधारण एक पॉइंट आपोआप उतरते. आपल्याकडे दुपार आणि पहाट यांत वीस अंशांचं अंतर पडतं, म्हणजे दुपारी बघितलेली हवा पहाटे तीन-चार पॉइंट कमी. सकाळी, गाडी निघायच्या आधी, थंड टायरवर मोजा. कमी हवेचा टायर बाजूनं दुमडतो, तापतो. पस्तीसच्या प्रोफाइलला, म्हणजे असल्या बुटक्या बाजूच्या टायरला, दुमडायला जागाच नाही; कन्नडच्या घाटात किंवा फागणे, पारोळ्याकडे एखादा खड्डा लागला की रिंग वाकते आणि बाजूला फुगा येतो. फुग्याचा टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून उठून या. बाजूवर चार आकडे असतात तेही वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांचा टायर नक्षी चांगली दिसली तरी आतून वाळलेला असतो, आमच्या उन्हात तर लवकरच.

हे छापलं असतं तर वाचकांच्या कामाला आलं असतं. बर्फातल्या लाल गाडीचा फोटो राहू द्या, छान आहे.

त्या मुलाचं काय झालं ते सांगतो, कारण तो उठून गेला नाही. मी त्याला विचारलं, मनालीपर्यंतच्या पंधरा-सोळाशे किलोमीटरमध्ये बर्फ किती? शेवटचा तुकडा, तोही पडला तर. तेवढ्यासाठी चौदा-पंधराशे किलोमीटर कोरड्या हायवेवर हिवाळी टायर घासत न्यायचे? तो म्हणाला, मग बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या द्या. साखळ्या माझ्याकडे नव्हत्या, पण गाडी जॅकवर घेतली आणि मागच्या चाकाच्या आत शॉकअप आणि टायर यांच्यामध्ये त्याला बोट घालायला सांगितलं. करंगळी कशीबशी गेली. साखळी तिथं बसणार नाही, बसवली तर ब्रेकचा पाइप खाईल. त्यानं करंगळी पुसत विचारलं, मग जाऊच नको का?

जा, म्हटलं. आहेत त्याच टायरवर मनालीच्या अलीकडे, कुल्लूजवळच्या भुंतरपर्यंत जा, गाडी तिथं ठेव, पुढं तिथल्याच माणसाची फोर बाय फोर भाड्यानं घे, साखळ्यांसकट आणि चालवणाऱ्यासकट. तो थोडा हिरमुसला. मनालीच्या बर्फात त्या गाडीचा फोटो काढायचा होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. पोराला परत का पाठवलं म्हणून विचारतील असं वाटलं. ते म्हणाले, "नाना, त्याचे वाचले ना पैसे? मग माझ्या दोन ट्रकचे रिमोल्ड जरा कमी करून द्या."

आपला नम्र,
एक टायरवाला, जळगाव
(नाव छापू नये. त्या मुलाचे वडील आपला पेपर वाचतात.)