बाबा, तुमच्या त्या बटणाबद्दल

ती. आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की फिगमा शिकून झालं ना, मग आता अजून कसला कोर्स, तेव्हा मी मीटिंगमध्ये होते म्हणून नुसतं हो हो केलं, आता नीट लिहिते. फिगमा म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, ती बाबा नुसती पाटी-पेन्सिल हो, महिन्याभरात हात बसतो.

सध्या कोर्समध्ये मापांचं चाललंय. अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी (हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) हवी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि साध्या अक्षरांचा नि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, ४.५ ला १ तरी हवा, कारण ती फिकट करडी अक्षरं लॅपटॉपवर क्लासी दिसतात पण भर उन्हात स्टँडवर उभं राहून वाचायला गेलं की संपलं. मराठीची तर अजून वेगळी तऱ्हा, इंग्रजीच्या मापाने बटण केलं की 'पूर्ण' मधला खालचा ऊकार नि वरचा रफार दोन्ही छाटले जातात. आई, तू हसशील, पण मी यावर दोन दिवस घालवलेत.

पण खरं सांगू का, गणपतीत बाबा लाइटबिल भरत होते ते आठवतंय ना? ओटीपीचे सहा आकडे टाकून नुसते थांबले, आणि मी ओरडले, अहो खाली बटण आहे ना, दाबा की! नंतर हातात घेऊन बघते तर बटण नव्हतंच. तुम्ही फोनची अक्षरं सगळ्यात मोठी ठेवलीत, त्यामुळे सगळं खाली ढकललं गेलं, बटण कीबोर्डच्या मागे, आणि स्क्रीन सरकतही नव्हती. तोवर ओटीपी तीनदा संपला आणि तुम्ही म्हणालात माझंच काहीतरी चुकतंय. कोणीतरी ते स्वतःच्या फोनवर, बारीक अक्षरांत बघून ओके केलं असणार. मीही केलंय बाबा असं, गेल्या वर्षी, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आता कोर्समध्ये तेच शिकतेय, माणूस वापरत असताना शेजारी गप्प बसायचं, बोट कुठे अडतं ते लिहून घ्यायचं. गप्प बसणं मला जमत नाहीये, कोणावर गेलेय ते आईला माहितीये.

शनिवारी येतेय. या महिन्याचं बिल भरू नका, माझ्यासमोर भरा, मी एक शब्द बोलणार नाही. आई, तूही नाही.

तुमची,
छकुली