आवाहन : मृगापूर्वी आपल्या तळ्याचा बांध दुरुस्त करण्यासाठी

सर्व सभासद, लाभधारक शेतकरी, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे, मुंबई येथे स्थायिक झालेले ग्रामस्थ बंधू-भगिनी यांस पाणीपुरवठा मंडळीच्या संचालक मंडळाचा सप्रेम नमस्कार.

गेल्या भाद्रपदात पावसाची झड लागली तेव्हा बांधाच्या पायथ्याशी, मोरीच्या (बांधाखालून पाणी सोडण्याच्या नळाच्या) उजव्या अंगाला, वर्षानुवर्षे निवळ येणारा पाझर गढूळ झाला, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः जाऊन पाहिले आहे. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे व निवळ पाझराची कोणी धास्ती घेऊ नये. पाझर गढूळ होतो तेव्हा मात्र पाणी बांधाच्या पोटातील माती सोबत घेऊन बाहेर पडत असते. ही वाट पायथ्याकडून पाण्याच्या दिशेने आतल्या आत वाढत जाते, आणि वरून बांध धडधाकट दिसत असतानाच तो एकाएकी खचतो. आपल्या गावचे जावई व निवृत्त उपअभियंता असलेल्या पाहुण्यांनी एक पैसाही न घेता संपूर्ण बांधाची पाहणी करून दिली असून, येत्या पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती न झाल्यास तळे पूर्ण भरू देऊ नये, असे त्यांनी लेखी कळविले आहे. तळे भरले नाही तर माघानंतर उसाला पाणी कोठून आणायचे, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

हे तळे कसे उभे राहिले ते नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९७२ च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या आणि गावाची जनावरे पाव्हण्यांच्या गावी पाठवावी लागली. त्यानंतर आपल्या संस्थापक मंडळींनी ठरविले की, राजर्षी शाहू महाराजांनी ज्या काळी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले त्या काळाच्या मानाने आपल्याला आज कितीतरी सोयी आहेत, तेव्हा आपण निदान आपला ओढा तरी अडवावा. ज्यांची कसदार काळी जमीन बुडिताखाली गेली त्या घराने रोख मोबदला नाकारून फक्त पाण्याची पहिली पाळी मागितली, आणि ती पाळी आजही त्यांच्या नातवाकडे सन्मानाने चालते. गाभ्याची काळी माती बैलगाड्यांनी आली, बायाबापड्यांनी पाट्या वाहिल्या, वडार बांधवांनी पिचिंगचा (बांधाच्या उतारावरील दगडी अस्तराचा) एकेक दगड हाताने बसविला व शेवटच्या आठवड्याची मजुरी देवीच्या नावाने सोडून दिली. माळावरच्या गुऱ्हाळमालकांनी कामावरच्या माणसांना सबंध हंगाम गूळ-पाणी पुरविले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतून गुरुजींनी मोरीचा पहिला लोखंडी दरवाजा करून दिला, त्याची पाटी गंजली तरी दरवाजा अद्याप फिरतो. अलीकडच्या काळात आपल्या फौजी बांधवांनी सुटीवर आल्यावर बांधावरची झुडपे तोडून दिली आणि महिला बचत गटाने आपल्या शिलकीतून सांडव्याच्या (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेच्या) भिंतीची डागडुजी केली. या सर्वांचे ऋण मंडळी विसरलेली नाही.

आता कटू असले तरी लिहावे लागते. आपले धरण खाजगी मालकीचे आहे व ते मंडळीच्या, म्हणजे सभासदांच्या नावावर आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पंधरा मीटरपेक्षा उंच धरणे, तसेच दहा ते पंधरा मीटर उंचीची पण लांबी, साठा इत्यादींच्या ठरावीक अटींत बसणारी धरणे येतात; आपला बांध त्याहून बराच ठेंगणा असल्याने तो त्या यादीत नाही. त्यामुळे तपासणीला कोणी येणार नाही आणि दुरुस्तीचा निधीही आपोआप येणार नाही. बांध ठेंगणा असला म्हणून खाली वाहत जाणारे पाणी ठेंगणे नसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले त्याची सुरुवात पाणी सोडण्याच्या मोरीपाशीच झाली होती. आपल्याच जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात, १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री मेघोलीचा लघुप्रकल्प फुटला, एका भगिनीचा जीव गेला, पिके व जनावरे वाहून गेली; तेथेही गळतीची ओरड आधीपासून होती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर ठपका ठेवला गेला आणि उभा महाराष्ट्र त्यावर हसला, परंतु खेकड्यांची व घुशींची बिळे आपल्या बांधालाही आहेत आणि ती बुजविणे हे मालकाचेच काम आहे. आपल्या ओढ्याकाठी प्राथमिक शाळा आहे, धनगरवस्ती आहे आणि हंगामात ऊसतोड कामगारांच्या खोपी असतात, हे ध्यानात घ्यावे.

करावयाची कामे तीन आहेत. मोरीच्या सिमेंट नळ्यांचे उघडलेले सांधे पाण्याच्या बाजूने बंद करून सभोवतालचा भराव उकरून काळ्या मातीने थरावर थर दाबून पुन्हा घालावयाचा आहे. पायथ्याच्या ओल्या पट्ट्यावर वाळू, बारीक खडी व जाड खडी अशी गाळणी करून वर मुरमाचे वजन द्यावयाचे आहे, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती जागेवर राहील. पायथ्याला सिमेंट थापून गळतीचे तोंड बंद करावे असे पारावर काहीजण छातीठोकपणे सांगतात. तसे केल्यास पाणी आत कोंडून दाब वाढतो व ते दुसरीकडून फुटते, म्हणून हा उपाय कृपया कोणी परस्पर करू नये. त्याचप्रमाणे बांधावरच्या सुबाभळी नुसत्या बुंध्यापासून तोडून भागणार नाही, कारण कुजलेली मुळे पाण्याला वाट करून देतात. मुळे काढून खड्डे दाबून भरावे लागतील. तिसरे काम सांडव्याचे. जादा पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचण्याची आणि मासे अडविण्यासाठी तेथे जाळी लावण्याची जी सवय पडली आहे, ती आजपासून बंद व्हावी. पुराचे पाणी सांडव्यावरून न जाता बांधाच्या माथ्यावरून गेले तर मातीचा बांध फार वेळ टिकत नाही. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेने काय केले ते आपण पाहिले आहे. तसा पाऊस आपल्या ओढ्याच्या पाणलोटात पडणार नाही असे कोण म्हणेल?

गतवर्षीही असेच पत्रक काढले होते. त्याला आलेला प्रतिसाद येथे लिहिण्याजोगा नाही. वार्षिक सभा गणसंख्येअभावी तहकूब करावी लागली, आणि त्याच संध्याकाळी कुस्तीच्या फडाला बसायला जागा नव्हती. फड व्हावेत, गणपतीची वर्गणीही जमावी, आमची त्याला ना नाही. परंतु पाण्याची पाळी अर्धा दिवस उशिरा आली तर सचिवाच्या दारात पहाटे उभे राहणारे सभासद बांधाचा विषय निघाला की दिसेनासे होतात, याचे संचालक मंडळाला मनापासून वाईट वाटले. सर्वांत आधी मदत आली ती कोरडवाहू शेती असलेल्या, तळ्याचा थेंबही न मिळणाऱ्या वरच्या आळीतून, हेही नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

तपशील : जोतिबाची चैत्र यात्रा आटोपताच कामास आरंभ होऊन मृग निघण्यापूर्वी ते पुरे करावयाचे आहे. लाभधारकांनी भिजणाऱ्या क्षेत्राच्या प्रमाणात, सभेत ठरलेल्या दराने वर्गणी द्यावी. उसाच्या बिलातून कपात करून देणाऱ्यांनी संमतिपत्र कार्यालयात सही करून द्यावे. बाहेरगावच्या ग्रामस्थांनी यथाशक्ति देणगी मंडळीच्या बँक खात्यातच भरावी (खाते क्रमांक कार्यालयाच्या फलकावर व पावतीपुस्तकावर आहे), रोख देणाऱ्यांनी छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. ट्रॅक्टर-ट्रॉली, मुरूम, डबर, वाळू, डिझेल किंवा रोलर देणाऱ्यांनी आठ दिवस आधी कळवावे. दर रविवारी सकाळी सात वाजता श्रमदान. खोरे-पाटी ज्याची त्याने आणावी, झुणका-भाकरीची सोय बचत गटाकडे आहे. काम सुरू होईपर्यंत पाणी पाळीप्रमाणेच सावकाश उतरविले जाईल, कोणीही जादा मोटारी टाकू नयेत, कारण तळे एकदम उपसल्यास आतला ओला उतार घसरतो. जमाखर्च दर पंधरवड्यास चावडीवर लावला जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव, संचालक मंडळाच्या वतीने