मिरजेत गाडी बदलणाऱ्यांकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर–पुणे आणि हुबळी–पुणे या दोन्ही ‘वंदे भारत’ गाड्या मिरजेवरून धावू लागल्यापासून आमच्या स्थानकाविषयी जे काही छापून येते ते वेगाविषयी. विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणही बहुतांशी मार्गी लागले, याचा आनंद मिरजकरांना आहेच. पण मिरज जंक्शन मोठे झाले ते इथे उतरून दुसरी गाडी पकडणाऱ्यांमुळे. त्या माणसाबद्दल कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याहून लोंढ्याकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतराची) लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेवरून गेली. कोल्हापूर संस्थानाने आपली लाइन मिरजेला आणून जोडली. तिच्या कामाची पहिली कुदळ 3 मे 1888 रोजी शाहू महाराजांच्या हस्ते पडली, तेव्हा ते अवघे 13 वर्षांचे होते. 1891 मध्ये गाडी कोल्हापुरात पोचली. पुढे 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी (नॅरोगेज) रूळ पंढरपूरहून इथवर आले. सत्तरच्या दशकात पुण्याकडून रुंद रुळांची ब्रॉडगेज आली, आणि त्यानंतर बरीच वर्षे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या मिरजेत एकाच वेळी उभ्या असत. बेळगाव-धारवाडकडचा वारकरी मीटरगेजने यायचा, इथे उतरायचा आणि पंढरपूरच्या छोट्या गाडीत जागा धरायला धावायचा. मालाचीही तीच गत. पोती एका वाघिणीतून (मालडब्यातून) काढून दुसऱ्या रुंदीच्या वाघिणीत भरावी लागत, आणि शेकडो हमालांची चूल त्यावर पेटत होती.

आज सगळीकडे ब्रॉडगेज आहे. त्याचे मोल 2016 च्या एप्रिलमध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. लातूर तहानलेले असताना कृष्णेचे पाणी मिरजेत वाघिणींमध्ये भरून तिकडे गेले. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पंढरपूर-कुर्डुवाडीचा मार्ग नॅरोगेजच राहिला असता तर ते पाणी वाटेत उतरवून पुन्हा भरावे लागले असते. तेव्हा रात्र-रात्र जागून काम करणारे रेल्वे कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे.

रूळ एक झाले म्हणून गाडी बदलणे मात्र संपलेले नाही. डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये इथे इस्पितळ उभारले तेव्हापासून मिरज ही रोग्यांची पेठ आहे. आजही सकाळच्या गाड्यांतून रायबाग, घटप्रभा, सांगोला, जतकडचे पेशंट उतरतात. पायाला प्लास्टर असलेली म्हातारी, तिला दोन्ही बाजूंनी धरलेले मुलगा-सून, सुनेच्या काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट, आणि समोर पुलाच्या पायऱ्या. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावरच्या गाडीची घोषणा होते. कर्नाटकातून आलेल्या मुलाला मराठी येत नसेल, तर शेजारच्याला खुणेने विचारण्यावाचून गत नसते. सतारमेकर गल्लीतून तंबोरा घेऊन परगावी निघालेले कलावंतही याच पुलावर दिसतात. भोपळ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून कठड्याकडेने जपून चालतात. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात हजेरी लावायला येणारे गायक-वादकही याच स्थानकात उतरतात. खाँसाहेबांनी अखेरचा श्वास घेतला तोही एका रेल्वे स्थानकातच, 1937 मध्ये, तिकडे दूर मद्रास इलाख्यात. मिरजेला आणून त्यांना इथे चिरनिद्रा दिली गेली.

म्हणून मागणे असे. पंढरपूरकडून किंवा बेळगावकडून येणारी गाडी थोडी उशिरा असेल, तर पुढची जोडगाडी तेवढा वेळ थांबवावी. विशेषतः संध्याकाळी, कारण ती चुकली तर पेशंटला रात्र फलाटावर काढावी लागते. लॉजचे भाडे सर्वांना परवडत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर कन्नड घोषणा नेमाने व्हाव्यात. यात भाषेचा वाद आणू नये, आजारी माणसाला आपली गाडी कळावी एवढाच हेतू आहे. प्रत्येक फलाटाला चालू स्थितीतली लिफ्ट असावी, आणि चाकाची खुर्ची कुठे मिळते याचा ठळक फलक गाडीतून उतरताच दिसावा. यातली एकही गोष्ट वंदे भारतच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणारी नाही.

अडचण बहुधा अशी आहे की मिरजेत मध्य रेल्वेची आणि दक्षिण पश्चिम रेल्वेची हद्द एकमेकींना भिडते. वेळापत्रके दोन ठिकाणी ठरतात आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम प्रवाशाच्या पायांवर येऊन पडते. पुढचे वेळापत्रक पक्के होण्याआधी पुणे आणि हुबळी विभागाच्या अधिकाऱ्यांची एक बैठक मिरजेतच व्हावी. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगावच्या खासदारांनी ती बोलवावी, आणि प्रवासी संघटनांबरोबर इथल्या इस्पितळांच्या प्रतिनिधींनाही तिथे बसवावे.

आपला,
एक नियमित प्रवासी, मिरज