'हॅव' म्हणजे फक्त 'जवळ असणे' नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'हॅव म्हणजे जवळ असणे' या एका ओळीत शाळेत या इंग्रजी क्रियापदाची ओळख उरकली जाते आणि मुले ती ओळ नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सोबत नेतात. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होते. तरीही नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मुलाखतीला आलेला डिप्लोमावाला मुलगा 'आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स' असेच म्हणतो. त्याची हुशारी कमी नसते. मराठीतून इंग्रजीत जाताना कुठे वळायचे, हे त्याला कुणी दाखवलेले नसते.

मराठीत यासाठी एकच एक क्रियापद नाही. आपण 'आहे' वापरतो आणि बाकीचे काम विभक्तीवर सोपवतो. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, त्याला ताप आहे, खोलीला तीन खिडक्या आहेत. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'हॅव' किंवा 'हॅज' येते आणि 'मला', 'माझ्याकडे', 'खोलीला' हे सरळ कर्ते होतात. पण 'आहे' म्हणजे 'ॲम' किंवा 'इज' हे मुलाच्या डोक्यात पक्के बसलेले असते. ते टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, 'हॅव'ही टाकायचे असते, म्हणून दोन्ही जोडून 'ॲम हॅविंग' तयार होते. आपल्याकडे ऐकणारा समजून घेतो हे खरे. परीक्षेत आणि परदेशी पत्रव्यवहारात मात्र ती चूकच धरली जाते.

'हॅविंग' कधीच वापरू नका, असे सांगणारे शिक्षकही आहेत. तेही बरोबर नाही. 'हॅव'चा अर्थ घेणे, खाणे, करणे असा कृतीचा असेल तर 'हॅविंग' चालते. 'वुई आर हॅविंग टी', म्हणजे आम्ही चहा घेतोय. 'दे आर हॅविंग अ मीटिंग', म्हणजे ते बैठक घेतायत. तात्पुरत्या अडचणीलाही ते चालते: 'वुई आर हॅविंग ट्रबल विथ द मशीन'. फरक किती मोठा पडतो ते एका जोडीत दिसेल. 'माय सिस्टर हॅज अ बेबी' म्हणजे बहिणीला बाळ आहे. 'माय सिस्टर इज हॅविंग अ बेबी' म्हणजे बहीण बाळंत होणार आहे. वर्षाच्या भाच्याबद्दल बोलताना दुसरे वाक्य वापरले, तर ऐकणारा वेगळ्याच कारणाने अभिनंदन करील.

वर्गात यासाठी एक साधी रीत आहे. मुलांना आधी मराठी वाक्ये द्यावीत, इंग्रजी नाही. वाक्याचा शेवट 'आहे'ने होतो की 'घेतोय, खातोय, करतोय'ने, एवढेच त्यांनी ओळखायचे. पहिल्या गटाला 'हॅव' किंवा 'हॅज', दुसऱ्याला हवे तर 'हॅविंग'. अशी वीसेक वाक्ये फळ्यावर वेगळी करून घेतली की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

प्रश्न आणि नकार यांत दुसरा घोळ होतो. 'डझ ही हॅज अ बाइक' असे सर्रास लिहिले जाते. 'डझ'मध्ये तृतीयपुरुषी एकवचन एकदा येऊन गेले, ते पुन्हा 'हॅज'वर लावायचे नाही. म्हणून 'डझ ही हॅव', 'ही डझन्ट हॅव', आणि भूतकाळात 'डिड ही हॅव'. उलट, 'हॅव' सहायक म्हणून, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला, आले असेल तर 'डू' लागतच नाही: 'हॅव यू सीन द लेटर'. एकाच शब्दाच्या या दोन भूमिका आहेत, हे स्पष्ट न सांगता दोन्ही नियम पाठोपाठ शिकवले की चांगली मुलेही गोंधळतात.

या सहायक 'हॅव'वर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथे मराठी आपल्याला हळूच चुकीच्या वाटेने नेते. 'माल काल पोहोचला आहे' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत 'द कंटेनर हॅज रीच्ड रॉटरडॅम येस्टरडे' हे चूक. काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 मध्ये अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅज' काढायचे: 'द कंटेनर रीच्ड रॉटरडॅम येस्टरडे'. वेळ सांगायची नसेल, फक्त आता माल तिथे आहे एवढेच कळवायचे असेल, तर 'हॅज रीच्ड' उत्तम. निफाड-पिंपळगावहून द्राक्षे पाठवणाऱ्यांच्या ई-मेलमध्ये हे वाक्य हंगामभर लागते, म्हणून मुद्दाम हेच उदाहरण घेतले.

'पासून'चेही तसेच. आपण 'दहा वर्षांपासून' म्हणतो आणि '2015 पासून'ही म्हणतो. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स'. 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स' या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत. 'आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे हवे.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्या मदतीला येते. 'ही हॅज गॉन टू मुंबई' म्हणजे तो मुंबईला गेलाय, अजून परतलेला नाही. 'ही हॅज बीन टू मुंबई' म्हणजे जाऊन आलाय. 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' हा भेद आपल्या पाचवीच्या मुलालाही कळतो. त्यावर बोट ठेवून शिकवले, तर 'बीन'ची भीती कायमची जाते.

काम दुसऱ्याकडून करवून घेण्याचे 'हॅव' बहुतेक वर्गांत शिकवलेच जात नाही. मराठीत 'मी केस कापले' म्हटले तरी न्हाव्याकडे गेलो, हे कळते. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणजे कात्री स्वतःच्या हातात होती. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणावे. इथे शब्दक्रम सगळे ठरवतो: 'आय हॅड कट माय हेअर' झाले की पुन्हा स्वतःच कापले, तेही भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी.

'हॅड बेटर'मधले 'हॅड' भूतकाळाचे नाही. 'यू हॅड बेटर' म्हणजे 'तू हे आता केलेले बरे', आणि त्यात 'नाहीतर परिणाम होईल' अशी छटा असते, म्हणून ग्राहकाला किंवा साहेबांना ते लिहू नये.

शेवटी सक्तीचे 'हॅव टू'. उच्चार आधी: सक्ती सांगताना ते 'हॅफ्टू' असे ऐकू येते, 'हॅज टू'चे 'हॅस्टू' होते. 'आय हॅव टू ब्रदर्स'मध्ये 'टू' म्हणजे दोन, तिथे 'हॅव'चा 'व' शाबूत राहतो. ऐकण्याच्या परीक्षेत हा फरक उपयोगी पडतो. अर्थाचा धोका नकारात आहे. 'मस्ट' आणि 'हॅव टू' होकारात जवळजवळ सारखे, पण 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई आणि 'डोन्ट हॅव टू' म्हणजे गरज नाही, केले तरी चालेल. 'यू डोन्ट हॅव टू एंटर फ्रॉम धिस साइड' असे फलकावर लिहिले, तर वाचणारा खुशाल त्याच बाजूने आत येईल.

2027 च्या सिंहस्थासाठी रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वर इथे इंग्रजी फलक लागतील आणि मराठी न येणारे लाखो लोक ते वाचतील. गर्दीत दिशा आणि मनाई यांचा अर्थ उलटा लागणे परवडणारे नाही. फलक छापखान्यात जाण्याआधी मनाईचे प्रत्येक वाक्य 'मस्ट नॉट', 'डू नॉट' किंवा नुसते 'नो एंट्री' असे करून घ्यावे, आणि मजकूर इंग्रजीच्या दोन शिक्षकांकडून तपासून घ्यावा, अशी महापालिका आणि जिल्हा प्रशासनाला आपल्या दैनिकाच्या माध्यमातून विनंती आहे. शहरातले शिक्षक हे काम आनंदाने करतील.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक