२४ जानेवारी : कझाक बळींच्या स्मरणार्थ ऑनलाइन बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी, २४ जानेवारी २०२६ रोजी, संध्याकाळी ७ वाजता आपल्या इतिहास अभ्यास गटाची बैठक आहे. रशियातील यादवी युद्धाच्या काळात, २४ जानेवारी १९१९ रोजी, तिथल्या सत्ताधारी बोल्शेविक (साम्यवादी) पक्षाच्या केंद्रीय समितीच्या संघटन ब्युरोने कझाकांविरुद्ध, म्हणजे रशियातल्या एका लढवय्या घोडेस्वार समाजाविरुद्ध, गुप्त आदेश काढला. श्रीमंत कझाकांचा सरसकट संहार, धान्यजप्ती, मुदतीनंतर शस्त्र सापडल्यास गोळी, असा तो हुकूम. डॉन नदीकाठच्या गावांनी तो भोगला आणि मार्चमध्ये व्योशेन्स्काया परिसरात उठाव झाला. त्याच महिन्यात पक्षाला आदेश थांबवावा लागला. पण तोवर माणसे गेली होती. म्हणूनच कझाक दरवर्षी याच तारखेला मृतांसाठी प्रार्थना करतात.

फिलिप मिरोनोव यांच्याविषयी आवर्जून वाचून या. ते स्वतः डॉनचे कझाक, पण बोल्शेविकांच्या लाल सैन्यातले सेनानी. या दडपशाहीला त्यांनी उघड विरोध केला. एप्रिल १९२१ मध्ये मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात त्यांना गोळी घालण्यात आली. कझाक सगळे एकाच बाजूला होते, हा समज त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की टिकत नाही.

काही विनंत्या :
• सुरुवातीला दोन मिनिटे मौन. वेळेवर या, माइक बंद ठेवा.
• बळींच्या संख्येबाबत अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. आकडा सांगाल तर कोणाचा, तेही सांगा.
• मृतदेहांची छायाचित्रे गटावर टाकू नयेत.
• हे कझाक रशियातले. कझाकस्तानातले कझाख वेगळे. टिपणात गल्लत नको.

बोलू इच्छिणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत संयोजकांना कळवावे. लिंक शनिवारी सकाळी गटावर येईल.